'ग्रंथपाल' म्हणजे कोण?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी यथातथाच. फर्स्ट इयरला लायब्ररीत 'ग्रंथपाल' ही पाटी वाचली आणि मला भिंतीवरची पालच आठवली! नंतर कळलं, पाल म्हणजे सांभाळणारा. जसा राज्यपाल, द्वारपाल. तरीही आपल्या हॉस्टेलच्या भाषेत तिथले सगळे 'लायब्ररीवाले काका'च.

परीक्षेला दोन दिवस उरले होते आणि मला फ्लुइड मेकॅनिक्सचं पुस्तक हवं होतं. ६२० च्या कपाटात एकही शिल्लक नव्हतं. रडवेली होऊन परत निघाले, तर काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "अगं, तुला पंपांची गणितं हवीत की मूळ थिअरी?" थिअरी म्हटल्यावर त्यांनी मला थेट फिजिक्सच्या कपाटाकडे, ५३२ ला नेलं. एकच विषय, दोन जागा! इंजिनिअरिंगच्या अंगाने लिहिलेलं पुस्तक ६२०.१०६ ला, फिजिक्सच्या अंगाने लिहिलेलं ५३२ ला. ही मेल्विल ड्यूई यांची १८७६ सालची दशांश पद्धत.

परीक्षा संपल्यावर काकांकडून मी शब्दच शिकून घेतले. पुस्तक आलं की रजिस्टरमध्ये मिळतो तो दाखल क्रमांक. तो प्रत्येक प्रतीचा वेगळा. विषयाचा आकडा म्हणजे वर्गांक. त्याला बहुधा लेखकाच्या नावावरून ठरलेला ग्रंथांक जोडला की पुस्तकाच्या पाठीवरचा बोधांक होतो. विषय ठरवणं म्हणजे वर्गीकरण, पुस्तकाची नोंद तयार करणं म्हणजे तालिकीकरण, आणि मला त्या दिवशी मिळाली ती संदर्भ सेवा. आपल्याला दिसते ती फक्त देवघेव!

भारतात या शास्त्राचा पाया घालणारे डॉ. एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी मांडलेल्या पाच सूत्रांतलं पहिलंच सांगतं की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. म्हणजे 'पाल'चा अर्थ नुसता राखणदार नव्हे. पुढे जर्नल्स, डेटाबेस आले, तसं 'ग्रंथालयशास्त्र'चं 'ग्रंथालय व माहितीशास्त्र' झालं.

मी म्हटलं, "काका, म्हणजे तुम्ही ग्रंथपालच की!" ते हसले. "नाही गं, मी ग्रंथालय सहायक. ग्रंथपाल मॅडम आत बसतात."

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पुस्तक सापडलं नाही तर तसेच परत फिरू नका. काउंटरवर विचारा. आणि १२ ऑगस्टला, रंगनाथन यांच्या स्मरणार्थ ग्रंथपाल दिन असतो, तेव्हा मॅडमना आणि काकांनाही शुभेच्छा द्यायला विसरू नका.