कानावरचे हेडफोन आणि कानातले इअरफोन : ध्वनीची तुलना

छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यात, भिलाईनजीक, अहिवारा हे गाव आहे. त्यालगतच्या नंदिनी येथील खाणींतून निघणारा चुनखडीचा दगड भिलाईच्या पोलाद कारखान्यास पुरविण्यात येत आला आहे. या कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. खाणीत व कारखान्यात गोंगाटापासून कान राखण्याची साधने मुख्यतः दोन प्रकारची असतात : कान पूर्ण झाकणारी टोपणे आणि कानाच्या छिद्रात बसणारे बोळे. संगीत ऐकण्याची साधनेही याच दोन आकारांची असतात. हे साम्य ध्यानात ठेवले म्हणजे त्यांच्या ध्वनीतील फरक समजणे सोपे जाते.

प्रथम कानाची रचना पाहू. कर्णनलिका सुमारे २.५ सेंटिमीटर लांब असून तिचे एक टोक उघडे व दुसरे कर्णपटाने बंद असते. अशा नळीत तिच्या लांबीच्या चौपट तरंगलांबीचा, म्हणजे १० सेंटिमीटरचा, ध्वनी विशेष घुमतो. ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४,००० सेंटिमीटर धरल्यास ही कंपने सेकंदास ३,४०० भरतात. तेव्हा ३,००० कंपनांच्या आसपासचा ध्वनी आपला कान स्वभावतःच वाढवून घेतो. शिवाय कानाच्या पाळीच्या घड्या उच्च ध्वनीत फेरफार करतात व त्यावरून दिशेचा बोध होतो.

कान झाकणाऱ्या हेडफोनमध्ये पाळी व नलिका यांचे हे कार्य बऱ्याच अंशी चालू राहते. कानात बसणारा इअरफोन मात्र पाळीला वगळतो आणि नलिकेचे उघडे टोक बंद करतो. त्यामुळे नलिकेचा घुमारा अधिक उच्च कंपनांकडे सरकतो. ही उणीव भरून काढण्यासाठी ३,००० कंपनांजवळचा ध्वनी साधनातच वाढवावा लागतो. प्रत्येकाचा कान निराळा असल्याने ही भरपाई सर्वांना सारखीच मानवत नाही.

खर्जाचा विचार वेगळा आहे. बंद नलिकेतील हवा थोडी असल्याने इअरफोनचा लहानसा पडदाही तिच्यावर पुरेसा दाब आणू शकतो. परंतु त्यासाठी छिद्र घट्ट बंद असले पाहिजे. याचा पडताळा वाचकांनी स्वतः घ्यावा. तबलावादनाचे ध्वनिमुद्रण हळू आवाजात लावून इअरफोन किंचित सैल करावा. डग्ग्याची घुमक क्षीण होईल, पण चाटीचा नाद बहुतांशी कायम राहील. कारण मंद कंपनांचा दाब फटीतून निसटून जातो. हेडफोनच्या गादीखाली चष्म्याची काडी आली तरी हाच परिणाम कमी प्रमाणात घडतो. इअरफोन घातला असता आपलेच बोलणे व चावणे घुमल्यासारखे वाटते, तेही छिद्र बुजल्यामुळेच.

दोहोंची तुलना करताना आवाज समान ठेवणे अत्यावश्यक आहे. कारण जरा मोठा ध्वनी मनास अधिक चांगला भासतो.

येथेच खरा धोका आहे. गोंगाटात संगीत ऐकणारा मनुष्य नकळत आवाज वाढवितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढाने ८० डेसिबलचा ध्वनी आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकण्यास हरकत नाही. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते : ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला केवळ ५ तास. घट्ट बसणारा इअरफोन बाहेरचा गोंगाट रोखतो, म्हणून संगीत हळू ठेवूनही नीट ऐकू येते. तोच सैल असेल तर हा लाभ नाहीसा होतो. मागून उघडा असलेला हेडफोन शांत खोलीत उत्तम, पण रहदारीत निरुपयोगी. मात्र रस्त्यावर चालताना बाहेरचा आवाज अडविणारे साधन वापरू नये. वाहनाची चाहूल लागत नाही.

अंतर्कर्णातील सूक्ष्म केसयुक्त पेशी एकदा नष्ट झाल्या की मनुष्यात त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून साधन निवडताना मधुर ध्वनी कोणता, एवढेच न पाहता, आपण जेथे ऐकणार तेथे कोणते साधन हळू आवाजात पुरेसे ऐकवील, हेही पाहावे.