पाऊणकी पाठ असू दे

बयो, तुझ्या मोबाइलवर चंद्रोदयाची वेळ मिनिटासकट येते, हे मला ठाऊक आहे. तरी एक गोष्ट सांगते. आमच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे घोकून घेत. त्यातली पावकी आणि निमकी विसरलीस तरी चालेल, पण पाऊणकी पाठ कर. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा. असंच पुढे. या पाढ्यावर चंद्र आणि समुद्र दोन्ही चालतात.

आधी चंद्राचं सांगते. पौर्णिमेला सूर्य मावळता मावळता चंद्र वर येतो. पुढे वद्य पक्षात तिथीला पाऊणपट कर. सूर्यास्तानंतर तेवढ्या तासांनी तो उगवेल. संकष्टी म्हणजे चतुर्थी, चारची पाऊणकी तीन. सूर्य साडेसहाला मावळला तर साडेनऊच्या सुमारास चंद्रोदय. वरणभाताचा कुकर किती वाजता लावायचा ते त्यावरून ठरव. वद्य अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या आगेमागे वर येतो. गोकुळाष्टमीला रात्री जन्माचा पाळणा हलतो त्या सुमाराला पूर्वेला बघ, श्रावणातले ढग असले तर मात्र नाइलाज.

शुद्ध पक्षात हाच हिशोब मावळण्याला लाव. शुद्ध चतुर्थीचा चंद्र सूर्यास्तानंतर तीनेक तासांनी जातो, अष्टमीचा मध्यरात्री. भाद्रपदात तो पाऊणकीच्याही आधी उतरतो. म्हणजे गणपती आले त्या रात्री चंद्र दिसू नये म्हणून खिडक्या लावून बसायची गरज नाही, साडेनऊनंतर खुशाल अंगणात ये.

हे गणित घड्याळाला घड्याळ जुळणारं नाही. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येतो. कधी चाळीस, कधी तासभर. त्यामुळे अर्धा तास इकडेतिकडे धरूनच चाल. शिवाय कॅलेंडरच्या चौकोनात छापलेली तिथी सूर्योदयाची असते. संकष्टी मात्र चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी असेल त्या दिवशी. चौकोनात तृतीया आणि खाली संकष्टी असं दिसलं की तुझी सासू छापणाऱ्याला नावं ठेवेल. तो बरोबरच असतो. आणि गावागावाचा चंद्र वेगळा. नागपूरला तो मुंबईपेक्षा साधारण २५ मिनिटं आधी उगवतो, तेव्हा तुझ्या नागपूरच्या नणंदेनं जेवायला बसल्याचा फोन केला म्हणून तू उपास सोडू नकोस.

वद्य अष्टमीच्या आसपास कॅलेंडरात एका तारखेला चंद्रोदयच सापडणार नाही. आदल्या रात्री तो बारा वाजायच्या जरा आधी येतो, पुढचा बारानंतर, आणि मधली तारीख कोरडी जाते. गोंधळू नकोस.

पक्ष ओळखायला कॅलेंडरही नको. कोर संध्याकाळी पश्चिमेला दिसली तर शुद्ध, पहाटे पूर्वेला दिसली तर वद्य. उजेडाची बाजू नेहमी सूर्याकडे. मालिकांत मध्यरात्री नायिकेच्या डोक्यावर नाजूक कोर लटकवतात, ती बघून मला हसू येतं. तशी कोर मध्यरात्री आकाशात असूच शकत नाही. फाल्गुनातली कोर होडीसारखी आडवी पडते, भाद्रपद-आश्विनात कललेली असते. थंडीतली पौर्णिमा, दत्तजयंतीची म्हण, थेट डोक्यावरून जाते. वटपौर्णिमेचा चंद्र दक्षिणेला झुकून जातो. गच्चीत कुठल्या बाजूला चटई टाकायची ते त्यावरून.

आता समुद्राचं ऐक, कारण तिथे चूक महाग पडते. इथे रायगडच्या किनाऱ्यावर तीच पाऊणकी थेट घड्याळात वाच. चतुर्थीला तीनला भरती, अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठच्या सुमारास. पक्ष कुठलाही असो. दिवसातून दोनदा भरती, दोन्हींत साधारण साडेबारा तासांचं अंतर, आणि भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास येते, म्हणून ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाला. मालवण-गोव्याकडे हा हिशोब जसाच्या तसा नेऊ नकोस. तिकडे भरती आधी येते आणि पाणीही कमी चढतं.

वेळेबरोबर जोरही बघायचा. पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरचे एकदोन दिवस उधाण. तेव्हा सूर्य-चंद्र एका रेषेत ओढतात, पाणी चढतंही खूप आणि हटतंही खूप. खडकावरची कालवं काढायला बायका उधाणाचीच ओहोटी धरतात. अष्टमीला दोघांची ओढ आडवी पडते, त्याला भांग म्हणतात. भांगाला पाणी फार चढत नाही, पण पुरतं हटतही नाही. पावसाळ्यात उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की मुंबईत पाणी तुंबतं, कारण नाल्यातून समुद्रात जायची वाटच समुद्रानं अडवलेली असते. त्या दिवशी ऑफिसला जायचं तर दुपारी बाराची वेळ टाळ.

आमच्या किनाऱ्यासमोरच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं ते ओहोटीतच. लोक अष्टमी धरून येतात, कारण त्या दिवशी ओहोटी दुपारी बाराला, सोयीची. पण तो भांग. वाटेत पाणी राहतं, मग घोडागाडी करा. तू पोरांना घेऊन शुद्ध द्वादशीला येणार म्हणतेस ना? बाराची पाऊणकी नऊ. सकाळी नऊला भरती, दुपारी तीनच्या सुमारास ओहोटी. दोनला किनाऱ्यावर ये, आधी तिथल्या माणसांना पाणी विचार, मग पाय टाक. चारला किल्ल्यातून बाहेर निघायचंच, पोरं कितीही रडोत. चंद्र त्या रात्री तीन-साडेतीनपर्यंत आहे, त्यामुळे जेवण झाल्यावर पुळणीवर फिरायला बॅटरी लागणार नाही. पोरांना जास्तीचे कपडे मात्र आण.