यादृच्छिकता, संभाव्यता आणि लघु-गुरूंचा क्रम

सोळा अक्षरांच्या चरणात लघु-गुरूंच्या मांडण्या ६५,५३६ होतात, हे पिंगलाच्या प्रस्तारपद्धतीवरून सिद्ध आहे. प्रत्येक स्थानचे अक्षर नाणे उडवून ठरविल्यास संभाव्यताशास्त्राच्या दृष्टीने या सर्व मांडण्या सारख्याच संभवनीय ठरतात. ‘लगा’ आठ वेळा योजणारे पंचचामर वृत्त आणि एखादा विस्कळीत क्रम यांत ते शास्त्र भेद करीत नाही. कान मात्र करतो. या भेदाला गणिती आधार आहे काय?

केवळ मोजणीने त्याचा उलगडा होत नाही. बृहत्संख्यांच्या नियमानुसार नाणेफेकीत दोन्ही बाजूंचे प्रमाण कालांतराने समान होत जाते. परंतु ‘लगा’ची अखंड आवृत्तीही हा नियम पाळते. १९६५ मध्ये कोल्मोगोरोव यांनी वेगळा निकष मांडला: क्रम निर्माण करणाऱ्या सर्वांत लहान आज्ञावलीची लांबी. ‘लगा हजार वेळा’ हे वर्णन आखूड आहे. यादृच्छिक क्रमाचे त्याच्याहून फारसे आखूड वर्णन नसते. पुढच्याच वर्षी मार्टिन-लोफ यांनी अनंत क्रमांसाठी व्याख्या दिली: गणनविधीने मांडता येणाऱ्या यादृच्छिकतेच्या सर्व कसोट्यांना उतरणारा क्रम तो यादृच्छिक. त्यामुळे बृहत्संख्यांचा नियम ‘जवळजवळ सर्व’ क्रमांविषयीचे विधान न राहता अशा प्रत्येक क्रमाचा गुणधर्म ठरला.

या विचाराचा व्यवहारही आहे. लडाखमधील हानले येथील दोन मीटर व्यासाची दुर्बीण होसकोटे येथील भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या केंद्रातून दूरनियंत्रणाने चालविली जाते. अशा दुर्बिणींच्या प्रतिमांतील नियमित भाग संक्षिप्त करता येतो. प्रकाशकणांच्या अनियमित आगमनाने उमटणारा गोंधळ मूळ आकडे जसेच्या तसे राखून फारसा संक्षिप्त होत नाही.

साहित्याभ्यासकासाठी यातील मर्म निराळे आहे. रशियन पद्याच्या लयीचा अभ्यास स्वतः कोल्मोगोरोव यांनीही केला होता. त्यांनी मांडलेली जटिलता कोणत्याही दिलेल्या क्रमासाठी अचूक काढून देणारी सर्वसामान्य रीत असू शकत नाही, हे सिद्ध झाले आहे. रचनेतील सूत्र सापडले की ते दाखविता येते. ते सापडले नाही म्हणून नाहीच, असे ठरत नाही. मुक्तछंदात लय नाही असा निवाडा देणाऱ्या समीक्षकाने आपल्या मोजणीची ही मर्यादा ओळखली पाहिजे.