कॅलिफोर्नियाची चिमुकली खासगी सुवर्णनाणी

नाणे पाडण्याचा अधिकार राजसत्तेचा, ही समजूत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. तथापि व्यापार जोरात आणि मोड मात्र नाही, अशी अवस्था झाली म्हणजे पेठ आपली सोय आपणच कशी लावून घेते, याचे उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांताच्या इतिहासात सापडते.

24 जानेवारी 1848 रोजी तेथे जेम्स मार्शल यास सोने आढळले आणि पाहता पाहता माणसांचा लोंढा लोटला. सोने उदंड, पण सुट्या नाण्यांचा दुष्काळ. दुकानदार गिऱ्हाइकाच्या पिशवीतून सोन्याच्या भुकटीची चिमूट उचलीत; एक चिमूट म्हणजे एक डॉलर. ज्याचा अंगठा रुंद त्या गुमास्त्यास मागणी अधिक, असे गमतीने सांगतात. धान्याच्या व्यापाऱ्यास यातील मर्म उलगडून सांगावयास नको! मेक्सिकोचे रियाल, फ्रान्सचे फ्रँक, इतकेच काय, आपला हिंदुस्थानी रुपयाही त्या पेठेत चाले.

ही अडचण ओळखून 1852 पासून सॅन फ्रान्सिस्को येथील सराफांनी पाव, अर्धा व एक डॉलर किमतीची सोन्याची नाणी पाडण्यास आरंभ केला. त्यांत फ्रेंच कारागीर बरेच होते. काही नाणी गोल, काही अष्टकोनी. सरकारी सुवर्ण डॉलर 1.672 ग्रॅमचा होता. त्या हिशेबाने पाव डॉलर 0.418 ग्रॅम, म्हणजे साडेतीन गुंजांच्याही आत, भरावयास हवा. बहुतेक नाणी तेवढीही भरत नाहीत.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांपैकी हीनाधिकमानोन्मान येथे चटकन आठवतो. परंतु निवाडा तितका सोपा नाही. उणेपण ठाऊक असून ज्याने केवळ मोड म्हणून ते नाणे घेतले, त्याची फसवणूक झाली असे म्हणवत नाही. ज्या मजुराने ते तोलावर विश्वासून घेतले, त्याचे मात्र नुकसान झाले. माझ्या मते दोष नाणे पाडण्यात नसून उणे वजन न सांगण्यात आहे.

1854 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सरकारी टांकसाळ उघडली. पुढे चांदीची मोड मिळू लागताच खासगी नाण्यांची निकड ओसरली. 8 जून 1864 च्या कायद्याने खासगी नाणी पाडण्यास बंदी झाली. तरीही सराफ ती स्मरणवस्तू म्हणून सुमारे 1882 पर्यंत काढीत राहिले, आणि कित्येकांवर मुद्दाम मागील साल घातले. हा सरळसरळ विरुद्धराज्यातिक्रम होय.

यामुळेच अभ्यासकाने नाण्यावरील सालावर विसंबून चालत नाही. साचे ताडून पाहावे लागतात. काही नाण्यांवर कारागिरांची आद्याक्षरे असतात, तीही उपयोगी पडतात. 2 डिसेंबर 1853 रोजी अनाकापा बेटाजवळ 'विनफिल्ड स्कॉट' ही आगबोट खडकावर आपटून बुडाली. पाणबुड्यांना तिच्या अवशेषांत अशी नाणी मिळाली. त्या साच्यांची नाणी त्या तारखेपूर्वीची, हे त्यामुळे निर्विवाद ठरले. बुडालेल्या बोटीने रोजकीर्दीचे काम करावे, हे नवलच! ब्रीन आणि गिलिओ यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ या विषयात प्रमाण मानला जातो. नाण्याआधी तो मिळवावा.

आता प्रतिरूपकव्यवहाराविषयी. या नाण्यांच्या नकला अतोनात आहेत. पुष्कळ तर पितळेवर मुलामा दिलेल्या. खऱ्या नाण्यावर 'डॉलर' किंवा 'सेंट' हा शब्द, निदान त्याचे संक्षिप्त रूप, असतेच. केवळ अपूर्णांक असून शब्द नसला, अथवा मागे अस्वलाचे चित्र असून किंमत नसली, तर ते बहुधा नंतरचे खेळणे समजावे. सराफी काट्यावर मिलिग्रॅमपर्यंत वजन करून आणि भिंगाने कडा पाहून मगच सौदा करावा. कडेस डाग लावल्याची खूण दिसली, तर नाणे पूर्वी कोणाच्या तरी दागिन्यात होते असे जाणावे. अशा नाण्यास पुरी किंमत देऊ नये.