मावळचे पाणी, मावळची वीज आणि मावळची मुले

१९११ साली लोणावळ्यास टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला बसली आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, तेव्हा घाटमाथ्यावरचे पाणी आमचे आणि वीज मात्र परक्याची, अशी जी भावना या मुलखात रुजली, ती निराधार नव्हती. शेजारच्या मुळशीत धरणाखाली जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांना १९२१ पासून सत्याग्रहच करावा लागला. हा इतिहास पालकांनी आज आठवावा असे मला वाटते, कारण तशाच योजना पुन्हा दाराशी येत आहेत. राज्य शासनाने २०२३ च्या अखेरीस उदंचन जलविद्युत प्रकल्पांचे धोरण मंजूर केले आणि त्याआधीच, ऑगस्ट २०२३ मध्ये, शिरवता येथे १,८०० व भिवपुरी येथे १,००० मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी टाटा पॉवरशी करार केला, त्या वेळी सहा हजारांहून अधिक रोजगारांचा अंदाज वर्तविण्यात आला.

दिवसा सौर वीज मुबलक असताना खालच्या जलाशयातील पाणी पंपाने वर चढवावयाचे आणि संध्याकाळी मागणी वाढली म्हणजे तेच पाणी टर्बाइनवर सोडून वीज घ्यावयाची, असे उदंचन प्रकल्पाचे काम चालते.

परंतु रोजगाराच्या आकड्याने हुरळून जाऊ नये. बोगदे खोदणे, काँक्रीट ओतणे, पोलादी नळ जोडणे या कामांवर माणसे पुष्कळ लागतात, पण ती बहुधा ठेकेदाराच्या हजेरीपटावर आणि मुदतीपुरती; वीजगृह सुरू झाल्यावर कायम नेमणुका मोजक्याच राहतात. म्हणून 'प्रकल्पात चिकटवा' असा आग्रह धरण्यापेक्षा, प्रकल्प संपल्यावरही ज्याची पत राहील असे कसब मुलाच्या व मुलीच्या हाती द्यावे. टर्बाइनच्या दुरुस्तीत फीलर गेजने बेअरिंगमधील फट मिलिमीटरच्या शतांशांत मोजणाऱ्या जोडाऱ्याला उद्या तळेगाव-चाकणच्या कारखान्यांतही मागणी असते. केवळ माती उपसणाऱ्याला ती नसते.

दहावीनंतर आयटीआयमध्ये वीजतंत्री किंवा जोडारी हा व्यवसाय निवडल्याने पुढची वाट बंद होते, ही पालकांची भीती अनाठायी आहे. दोन वर्षांचा व्यवसाय उत्तीर्ण झाल्यावर पदविकेच्या, आणि पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय शासनाने केली आहे. सह्याद्रीच्या बेसॉल्टात बोगदा नेताना भूशास्त्रज्ञाचे मत घ्यावेच लागते, तेव्हा विज्ञान शाखेत रस असलेल्या मुलीने भूशास्त्राचा विचार अवश्य करावा. बोगद्यांच्या कामावरून पुढे ज्यांना खाणीत जावयाचे आहे, त्यांनी धनबादच्या खाण सुरक्षा महानिदेशालयाकडून मिळणाऱ्या मेट व फोरमन या पर्यवेक्षकांच्या प्रमाणपत्रांची चौकशी आरंभीच करून ठेवावी, कारण खाणीत जबाबदारीच्या जागा अशा प्रमाणपत्रावाचून मिळत नाहीत. वीजतंत्र्याने शिकाऊ उमेदवारी पुरी होताच अनुज्ञापक मंडळाच्या परवान्यासाठी अर्ज करावा, आणि उमेदवारीच्या काळातील प्रत्येक कामाची नोंद, वरिष्ठांच्या सहीशिक्क्यासह, पहिल्या दिवसापासून आपल्या दप्तरी ठेवावी.