हातोडी-मुशी

सिहोऱ्याच्या माणसाला मासा काही नवा नाही. चांदपूरचा तलाव जवळ, वैनगंगाही जवळ. रोहू, कतला, मरळ ही नावे लहान पोरांनाही ठाऊक असतात. आज आम्ही तुम्हाला समुद्रातल्या एका माशाची ओळख करून देणार आहोत.

आपली वैनगंगा वर्धेला मिळते. मग तिचे नाव होते प्राणहिता. प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. त्या उपसागरात हा मासा राहतो. इकडे कोकणच्या समुद्रातही तो आहे.

शार्क माशाला मराठीत मुशी म्हणतात. मुशीच्या काही जातींचे डोके हातोडीसारखे आडवे असते. म्हणून आपण तिला हातोडी-मुशी म्हणू. आडव्या डोक्याच्या दोन टोकांना दोन डोळे! डोक्याच्या खालच्या बाजूला बारीक बारीक छिद्रे असतात. प्रत्येक जिवाच्या अंगात अगदी थोडी वीज असते. वाळूत दडलेल्या माशाची ती वीज मुशीला या छिद्रांनी कळते. मग तो मासा सुटतो कसला!

मुशी आणि रोहू यांत फरक काय? रोहूला हाडाचे काटे असतात. मुशीच्या अंगात हाड नाही. आपला कान चाचपून पाहा. तो वाकतो, पण मोडत नाही. तसल्याच कुर्चेचा मुशीचा सांगाडा असतो. रोहूच्या कल्ल्यांवर झाकणी असते. मुशीला झाकणी नसते, दोन्ही बाजूंना पाच-पाच चिरा असतात.

हातोडी-मुशीच्या सुमारे 10 जाती आहेत. त्या ओळखायच्या कशा? तुम्ही आता अक्षरे ओळखता. ‘व’ आणि ‘ब’ यांत एका रेघेचाच फरक ना? इथेही तसेच आहे. डोक्याची पुढची कड पाहावी. कड गोलसर असून मधोमध खाच असली, तर ती एक जात. कड गोलसर, पण मधली खाच नसली, तर दुसरी. कड जवळजवळ सरळ आणि मध्ये खाच असली, तर तिसरी. ही सर्वांत मोठी.

पहिल्या जातीला शास्त्रज्ञ ‘स्फिर्ना लेविनी’ म्हणतात. ‘स्फिर्ना’ हे जणू आडनाव. ते हातोडा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले. ‘लेविनी’ हे त्या जातीचे स्वतःचे नाव. ते 1834 साली पडले. ही मुशी 10 फुटांहूनही लांब वाढते.

आता खरी गोष्ट ऐका. रोहूची एक मादी एका पावसाळ्यात लाखावर अंडी घालते. ही मुशी अंडी घालत नाही. पिलू आईच्या पोटात नाळेवर वाढते. त्याला 9 ते 12 महिने लागतात. एका वेळी 12 ते 40 पिल्ले होतात. मादी वयात यायलाही पुष्कळ वर्षे लागतात. पिल्ले किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात जन्मतात. कोळ्यांची जाळीही तिथेच पडतात. हातभर लांबीची पिल्ले त्यांत सापडतात. पेरणीचे बियाणेच खाऊन टाकले, तर पुढच्या साली शेतात काय उगवेल?

शिवाय मुशीच्या परांना परदेशात मोठा भाव येतो. म्हणून 2013 साली अनेक देशांनी मिळून हातोडी-मुशीच्या या तीन जातींच्या परदेशी व्यापारावर बंधन घातले. 2015 साली भारताने मुशीचे पर परदेशी पाठवायला बंदी केली. तरी 2019 साली ‘स्फिर्ना लेविनी’ची गणना नष्ट होण्याच्या अगदी काठावरच्या जिवांत झाली.

कायदा जातीचे नाव विचारतो. पण डोके कापून टाकल्यावर जात ओळखणार कशी? म्हणून मासा जाळ्यात आला, की तिथेच त्याची ओळख पटावी लागते. जिवंत पिलू ओळखले, तर ते पाण्यात परत सोडता येते. ज्याची ओळख नाही, त्याला राखणार तरी कोण?

प्रश्न
1. मुशीचा सांगाडा कशाचा असतो?
2. मधोमध खाच असलेल्या, गोलसर डोक्याच्या मुशीचे शास्त्रीय नाव सांगा.
3. रोहू लवकर वाढते, मुशी वाढत नाही. असे का?
4. तुमच्या तलावातल्या पाच माशांची नावे लिहा. प्रत्येकाची एक खूण लिहा.