कुबडी कोर्टाला दिसते

जिल्हा न्यायालयात वकिली करते. घटस्फोट, पोटगी, वाटप, कधी नोकरीचं प्रकरण. पक्षकारांत दिव्यांग माणसं बरीच येतात. कुणाचा पाय गेलेला, कुणाला दिसत नाही, कुणाला स्किझोफ्रेनिया, कुणाची मुलगी बौद्धिक दिव्यांग. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगतेचे २१ प्रकार एकाच यादीत आणले. कोर्टाच्या पायऱ्या चढल्यावर मात्र त्या यादीची दोन शकलं होतात. ते बघून वर्षानुवर्षं मनात जे साचत गेलं, ते सांगते.

१. शरीर अधू असेल तर कोर्ट आधी विचारतं, यांना काय लागेल. मन आजारी असेल तर आधी विचारतं, यांचं कितपत खरं मानायचं. कुबड्या घेऊन आलेल्या एका आजोबांना न्यायाधीशांनी साक्षीच्या पिंजऱ्यात चढू दिलं नाही. शिपायाला खुर्ची आणायला लावली, साक्ष खाली बसूनच झाली. त्याच साहेबांपुढे माझी एक अशील उभी राहिली. बायपोलर आजार, लिथियम चालू. त्या गोळीने तिचे हात थरथरत, सारखी तहान लागे. तिने पाणी मागितलं, तोच समोरचे वकील उठले आणि म्हणाले, नोंद घ्यावी, साक्षीदाराचे हात कापताहेत, बाई बिथरल्या आहेत. खरं तर ती थरथर म्हणजे बाई रोजची गोळी चुकवत नव्हती याची खूण. साहेब मनाने वाईट नव्हते. आजोबांची अडचण त्यांना डोळ्यांनी दिसली, हिची कुणीतरी समजावून सांगणं भाग होतं, आणि ते सांगायला मला भर उलटतपासात मध्ये उठावं लागलं.

२. सावरलेलं माणूस दोन्हीकडून मार खातं. इस्त्रीची साडी नेसून आली, तारखा-वार बिनचूक सांगितले, की ऐकू येतं, ‘मॅडम, या तर अगदी नॉर्मल वाटतात.’ म्हणजे पोटगी कशाला, सवलत कशाला. मध्येच धागा सुटला, डोळे भरून आले, की तेच वकील म्हणतात, बघा, यांच्या बोलण्याला काय अर्थ. पाय गेलेला माणूस ठणठणीत बोलला म्हणून त्याचा पाय परत आला असं कुणी म्हणत नाही. मनाच्या आजारात बरं दिसणं हाच पुरावा विरोधात जातो.

३. आपल्या कायद्यांचं आपसात बोलणं झालेलं नाही. सातबारावर अज्ञान वारसाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ लागतं ते गावाकडच्या सगळ्यांना ठाऊक आहे. मुलगा अठराचा झाला की तलाठ्याकडे अर्ज देऊन ते काढून घेता येतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३२ मनोविकल माणसाला त्याच रांगेत बसवतो: त्याच्या वतीने दावा दुसऱ्याने चालवायचा. त्याचं अठरावं वर्ष कधी उजाडतच नाही. २०१६ च्या कायद्याचं कलम १३ मात्र सांगतं की दिव्यांग माणसाला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे. कलम १४ मधलं पालकत्वही मर्यादित आहे. ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीपुरतं, आणि त्या माणसाशी मिळून घ्यायच्या निर्णयांसाठी. माझ्याकडे येणारे नातेवाईक अर्ज मागतात तो सरसकट सगळ्या मालमत्तेच्या पालकत्वाचा, कारण बँकेला एक सही हवी असते.

मला थक्क केलं ते जुन्या करार कायद्याने. १८७२ चा कायदा, त्याचं कलम १२. एरवी भान नसणारा माणूस ज्या वेळी भानावर असेल त्या वेळी करार करू शकतो, असं तिथे स्वच्छ लिहिलं आहे. त्या कलमाची नजर माणसाच्या त्या घडीकडे आहे. आपल्या रोजच्या सवयीची नजर त्याच्या फाइलवर चिकटलेल्या निदानाकडे असते.

४. लग्नाच्या कायद्यातून शरीराचे काही आजार एकेक करून बाहेर पडले, मनाचा आत राहिला. हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा अडथळा १९९९ मध्ये गेला. महारोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ मध्ये वगळलं गेलं. दोन्ही वेळा योग्यच झालं. ‘मानसिक विकार’ हे कारण मात्र अजून आहे, आणि त्याच्या स्पष्टीकरणात स्किझोफ्रेनियाचं नाव घेऊन लिहिलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलं की नुसतं निदान पुरेसं नाही. विकार किती आणि कसा, सोबत राहणं खरोखरच अशक्य आहे का, हे तपासायचं. २०१३ मध्ये पत्नी स्वतः डॉक्टर असलेल्या एका प्रकरणात पतीला घटस्फोट नाकारताना हीच भूमिका कायम राहिली.

खाली आमच्याकडे मात्र अर्जासोबत जोडलेलं असतं ते गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांच्या फोटोंची झेरॉक्स. बायकोच्या पर्समधून, उशीखालून काढलेली पाकिटं. अशा कागदांवर मी दर वेळी हरकत घेते, गोपनीयतेचा मुद्दा मांडते. दुसरी बाजूही मी पाहिली आहे. जोडीदाराचे हाल खोटे नसतात. रात्र-रात्र जागलेली, आजार लपवून लग्न लावून दिलेली माणसंही माझ्यासमोर रडली आहेत. त्यांना न्याय हवाच. पण तो त्या घरात काय घडलं यावर मिळावा, मेडिकलच्या बिलावर नव्हे.

५. दिव्यांगतेची टक्केवारी शरीराला बरी बसते. सांधा किती वळतो ते कोनमापकाने मोजता येतं. मनाच्या आजारासाठी आयडियाज नावाची मोजणी आहे: स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं, आणि काम, शिवाय आजार किती काळ आहे. विचार करून केलेली मोजणी आहे ती. पण वैद्यकीय बोर्डापुढे जाण्याचा दिवस चांगला निघाला तर ४० टक्क्यांची रेषा हुकते आणि त्यासोबत आरक्षणही. गेलेल्या पायाला चांगला दिवस नसतो.

६. नोकरीत मनाचा आजार गैरवर्तन म्हणून नोंदला जातो. पाय गमावलेल्या एका कॉन्स्टेबलला सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये १९९५ च्या दिव्यांग कायद्याचं संरक्षण दिलं. पाय गेला ही दिव्यांगता आहे याबद्दल तिथे कुणाला शंका नव्हती. मनाच्या आजारातली चिडचिड, गैरहजेरी, वरिष्ठांना उलट उत्तर यांची वाट मात्र थेट खातेनिहाय चौकशीकडे जाते. २०२१ च्या डिसेंबरमध्ये सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे ओळखलं. त्याला ओसीडी आणि नैराश्य होतं. मानसिक दिव्यांगतेमुळे माणूस अशा चौकशीत सापडण्याची शक्यताच जास्त असते, म्हणून ही अप्रत्यक्ष भेदभावाची बाब आहे, आणि दिव्यांगता हे अनेक कारणांपैकी एक होतं एवढं दाखवलं तरी पुरे, असं न्यायालय म्हणालं. निकाल वाचून मी बराच वेळ फाइल मिटली नव्हती. माझ्या कितीतरी अशिलांची कहाणी तिथे कायद्याच्या भाषेत उतरली होती.

७. बौद्धिक दिव्यांग मुलीच्या गर्भाशयाचा निर्णय घरचे आणि इतरही किती सहज घेतात, हे ऐकून अजूनही अंगावर काटा येतो. २००९ मध्ये चंडीगढच्या सरकारी संस्थेतल्या, सौम्य बौद्धिक दिव्यांगता असलेल्या एका गर्भवती मुलीला मूल हवं होतं. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तिची संमती नाही म्हणून तो थांबवला. अंध स्त्रीला आई होऊ द्यावं का, असा अर्ज माझ्या पाहण्यात कधी आला नाही.

८. माझ्या मते सगळ्यात मोठी विसंगती फौजदारी कोर्टात उघडी पडते. दिवाणी बाजूला मनाचा आजार चटकन मान्य होतो, कारण तिथे तो मान्य केल्याने माणसाकडून काहीतरी काढून घेता येतं. सही, मूल, जमीन. आरोपीला त्याचा उपयोग होणार असेल तेव्हा मात्र पुराव्याचं ओझं त्याच्यावर. जुन्या कलम ८४ ची, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ ची कसोटी वैद्यकीय आजाराची नाही. कृत्य करताना त्याला ते काय आहे, चूक आहे, एवढंही कळत नव्हतं का, एवढीच. वर्षानुवर्षांचे केसपेपर असूनही त्या एका घडीचा साक्षीदार कुठून आणायचा? आणि आजार मान्य झाल्यावर तरी सुटका कुठे असते? हजारीबागच्या तुरुंगात वेडे म्हणून ठेवलेली, नंतर बरी झालेली माणसं वीस-तीस वर्षं तशीच पडून होती. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातलं तेव्हा ती बाहेर आली. बदल होतो आहे, हेही खरं. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या एका कैद्याची फाशी, शिक्षेनंतर जडलेल्या गंभीर मानसिक आजारामुळे रद्द झाली. निकालात त्याचं नाव नाही, ‘आरोपी एक्स’ एवढंच आहे. त्याच्या आजाराची गोपनीयता देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने जपली.

९. कोर्टात सोय मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि नेमकी मागितली तर बरेचदा मिळते. ‘अशील मनोरुग्ण आहे, सहानुभूतीने विचार व्हावा’ असं मी लिहीत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १२ चा आधार घेऊन यादी देते. रात्रीच्या गोळ्यांची गुंगी सकाळी असते, म्हणून साक्ष दुपारच्या सत्रात. एका वेळी एकच प्रश्न. मध्ये थोडी विश्रांती. पाण्याची बाटली हाताशी. सोबत बहीण बसेल, बोलणार नाही. यातल्या कशालाही पैसा लागत नाही, रॅम्प बांधावा लागत नाही. बहुतेक न्यायाधीश ‘मंजूर’ लिहितात. अर्ज नामंजूर झालाच तर कारण लेखी मागते, म्हणजे वरच्या कोर्टात न्यायला ते हाताशी असतं.